चौदा महिन्यांचं पाणी

मी आयुष्यात एकदाच सलग दीड तास तोंड मिटून बसलो आहे, आणि नेमका त्याच दिवशी मी मुलगी बघायला गेलो होतो.

तेव्हा मी खडकवाडीला असिस्टंट स्टेशन मास्तर होतो. (खडकवाडी हे नाव खोटं आहे. पुढे येणारी निमगव्हाण आणि पारडीही खोटीच. पेन्शन चालू आहे, उगाच कशाला!) हिंगोलीच्या अलीकडची मीटरगेजवरची ही लहान लहान स्टेशनं. एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत प्लॅटफॉर्मवर दोन शेळ्या, एक कडुनिंब आणि मी. अशा जागी माणसाला दोनच गोष्टी तारतात, बायको किंवा कादंबरी. लग्न जमत नव्हतं, म्हणून मी कादंबऱ्या वाचत होतो.

स्टेशनात एक काळा फोन होता. एकाच तारेवर बारा स्टेशनं टांगलेली! एकानं रिसीव्हर उचलला की बाकीच्या अकरा जणांना सगळं ऐकू जायचं. फोन गाड्यांच्या कामासाठी होता आणि त्या कामासाठी तो वापरलाही जाई. पण गाड्या मोजक्या आणि दिवस मोठा! शिवाय त्या तारेवर कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. जो ज्या स्टेशनात बसला तेच त्याचं नाव. ‘हॅलो पारडी, जेवला का?’ ‘जेवलो, खडकवाडी. वांगं होतं.’ वर्षभर रोज बोलूनही यातल्या बहुतेकांची तोंडं मी पाहिली नव्हती, की त्यांची आडनावंही मला ठाऊक नव्हती.

वाचक मंडळ पारडीनं सुरू केलं. त्याला ग्रहांच्या, जादूच्या, पाताळातल्या शहरांच्या कादंबऱ्यांचा भयंकर नाद. हिंगोलीच्या वाचनालयातून तो पुस्तक आणायचा, वाचून झालं की पॅसेंजरच्या गार्डाबरोबर माझ्याकडे पाठवायचा, आणि माझं झालं की गार्ड ते पुढे निमगव्हाणला पोचवायचा. मग दुपारची पॅसेंजर निघून गेली की फोनवर चर्चा. वाचणारी स्टेशनं तीन, ऐकणारी नऊ. (ज्यांनी पुस्तक उघडूनही पाहिलेलं नसे, त्या नऊ जणांची मतं सगळ्यांत ठाम असत!)

या सुखात एकच खडा होता : निमगव्हाण. आवाज वयस्कर, जाडसर. बोलायचा थांबून थांबून, नोटीस वाचल्यासारखा. पण प्रश्न असे विचारायचा की जेवणाची चव जावी. पाताळातल्या नगरीची अप्रतिम कादंबरी वाचून मी भारावून बोलत होतो, तर हा म्हणतो, “पाताळात ऊन न्हाई. मग तिथल्या बायका पापड कुठं वाळू घालत असतील?” जादूगारानं राजकन्येची मांजर केली, तर ह्याचा प्रश्न, “मांजर झाल्यावर तिला मराठी समजत होतं का? समजत असंल तर ती उंदीर काहून खाते?” नऊ स्टेशनं खो खो हसायची. मी रिसीव्हर आवळून दात खायचो.

आणि मग ‘तांबडा ग्रह’ आला. पुस्तकाचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. मुखपृष्ठ कधीच गळून पडलेलं. एक प्राध्यापक यानात बसून तांबड्या ग्रहावर जातो, तिथल्या राणीच्या प्रेमात पडतो, आणि शेवटी राणी आपलं राज्य सोडून त्याच्याबरोबर पृथ्वीकडे निघते. चौदा महिन्यांचा प्रवास, इवलंसं यान, आणि दोघंच! शेवटचं पान मी प्लॅटफॉर्मवर उभ्याउभ्या वाचलं आणि रडलो. लाज वाटते सांगायला, पण त्या राणीवर माझंही थोडं मन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी चर्चेला मी अगदी गहिवरून बोललो. त्याग म्हणजे काय, प्रेम म्हणजे काय! बोलणं संपलं. मग निमगव्हाणचा आवाज आला.

“चौदा महिन्यांचं पाणी कुठं ठेवलं होतं?”

“काय?”

“पाणी. प्यायचं. दोन माणसं, चौदा महिने. यानात रांजण होता का? पुस्तकात कुठंच लिहेल न्हाई.”

बाहत्तरचा दुष्काळ संपून दोन-तीनच वर्षं झाली होती. टँकरमागे पळालेली माणसं तारेच्या प्रत्येक टोकाला बसली होती. प्रश्न सगळ्यांना पटला. “बराबर हाय! बराबर हाय!” नऊ स्टेशनांनी गिल्ला केला.

“अहो, ही कल्पना आहे!” मी ओरडलो. “कल्पनेला पाणी लागत नाही!”

“कल्पनेला लागत न्हाई. राणीला तर लागंल!”

माझं डोकंच फिरलं. “तुमच्यासारख्यानं पुस्तकं वाचू नयेत, निमगव्हाण! तुमी घरी बसून हंडे मोजा! एवढी सोन्यासारखी राणी समोर असून ज्याला रांजण सुचतो, त्याच्या घरात काय हवा असंल! असल्या घरची पोरगी कुणी करू नये! जन्माचं वाळवंट होईल!”

हे वाक्य मी बारा स्टेशनांच्या साक्षीनं बोललो. निमगव्हाणकडून नुसता फोन ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, जिंकलो! त्या आनंदात मी शेळ्यांना भाकरी घातली.

तीन आठवड्यांनी मामा स्थळ घेऊन आला. माझा मामा वसमतच्या हळदीच्या बाजारात मापाडी. दिवसभर पोत्यांची मापं ओरडून त्याचा आवाज असा झाला होता की तो कानात काही सांगू लागला तरी शेजारच्या गल्लीत कळावं. यापूर्वी मला तीन ठिकाणांहून नकार आलेला. (‘पोरगं लई बोलतंय,’ हे तिन्हीकडचं कारण!) पण या वेळी मामानं फोटो काढला आणि माझी बोलती बंद झाली. मुलीचं नाव सुमन. शाळेत मास्तरीण. दोन वेण्या, सरळ नजर, आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू दाबल्यासारखं काहीतरी. मी तो फोटो मामाला परत द्यायला दोन दिवस लावले. लग्न करीन तर हिच्याशीच, असं मी त्या दोन दिवसांत ठरवून टाकलं होतं.

“घर बी आपल्यासारखंच हाय,” फोटो परत घेताना मामा म्हणाला. “बाप तुह्यासारखाच रेल्वेत. निमगव्हाणला स्टेशन मास्तर.”

माझ्या हातातला चहा माझ्या मांडीवर सांडला.

पुढचे दोन दिवस मी जेवलो नाही. रात्री झोप नाही, दिवसा फोनकडे बघायची हिंमत नाही. सगळं कबूल करून टाकावं, तर मुलगी हातची जाणार. न जावं, तरी जाणार. शेवटी मी हिशेब केला : त्यानं माझं तोंड पाहिलेलं नाही, खडकवाडीचं खरं नाव त्याला माहीत नाही, आणि मामानं त्याला ‘पोरगा रेल्वेत आहे’ एवढंच सांगितलंय, स्टेशन सांगितलेलं नाही. त्याला ठाऊक आहे तो फक्त माझा आवाज. म्हणजे आवाज लपवला की झालं! एकदा सुपारी फुटली की पुढचं पुढे. (ही अक्कल मला चौदा महिन्यांच्या पाण्याच्या वेळी का सुचली नाही, देव जाणे.)

“आई, माझी दाढ दुखून राहिली. मला आज बोलता यायचं न्हाई,” मी एसटीत बसताना सांगितलं.

“आजच काहून दुखली रे? काल तर ऊस खात होता!” आई म्हणाली आणि तिनं माझ्या जबड्याला आपला जुना रुमाल बांधला. चैत्रातल्या उन्हात, डोक्यावर रुमालाची गाठ मारून, मी माझी होणारी बायको बघायला निघालो.

स्टेशनामागच्या क्वार्टरच्या दारातच मास्तर उभे होते. डोक्यावर पांढरे केस, हातात गुंडाळलेली हिरवी झेंडी. ड्यूटीवरूनच आले होते. “जयभीम, या या!”

तोच तो आवाज! मी रुमालाची गाठ आणखी आवळली.

“जयभीम!” मामा असा गरजला की सिग्नल पडावा. आई “जयभीम” म्हणाली. राहिलो मी. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले आणि नुसती मान हलवली. आमच्याकडे वैऱ्यालाही उलट जयभीम केल्याशिवाय माणूस उंबरा ओलांडत नाही. आणि इथे होणारा जावई मुकाट्यानं मान हलवतोय! मास्तरांच्या कपाळावर पहिली आठी पडली.

“पोरगं बोलत कसं न्हाई?”

“दाढ हो!” मामा म्हणाला. “लई तकलीफ हाय त्याला.”

“अरारा! एवढंच ना?” मास्तरांचा चेहरा एकदम मायाळू झाला. “दाढेचं औषध माझ्यापाशी हाय. लवंगेचं तेल. करा आ!”

मी मान हलवून नको नको म्हटलं. पण मामानं मागून डोकं धरलं, आईनं रुमाल सोडला, आणि मास्तरांनी मला उजेडाकडे वळवून बाजारात बैलाचे बघावेत तसे माझे दात बघितले. वरचे बघितले, खालचे बघितले. मग पुन्हा वरचे.

“कंची?” ते म्हणाले. “इथं तर एकबी किडेल न्हाई!”

आतल्या दारातून मुलीची आई डोकावत होती. तिनं मास्तरांना खुणेनं जवळ बोलावलं आणि कुजबुजली. कुजबुज मला स्वच्छ ऐकू आली : “अहो, पोरगं मुकं हाय! दाढेबिढेचं ढोंग हाय. आपल्याला फसवून राहिले!”

“मुका?” मामा उसळला. “आमचा भाचा मुका? अहो, तीन ठिकाणी जास्त बोलतो म्हणून नापास झालाय!”

(मामा, तुझे उपकार कसे फेडू!)

मास्तर विचारात पडले. “रेल्वेत मुका माणूस घेत न्हाईत. चला जावईबापू, माझ्यासंगं हापिसात चला. पॅसेंजर किती लेट हाय ते फोनवर इचारा. रेल्वेचाच माणूस तुमी, घरचंच काम हाय.”

सुळावर चढवायला नेतात तसा मी ते वीस-पंचवीस पावलांचं अंतर चाललो. मागून मामा. तिथला काळा फोन आमच्याकडच्या फोनचाच भाऊ. मास्तरांनी तो माझ्या हातात दिला आणि झेंडी काखेत धरून अगदी समोर उभे राहिले. आता काय? आवाज बदलायचा! मी घसा आवळला आणि शक्य तितक्या बारीक आवाजात म्हणालो, “हॅलो... पारडी... पॅसेंजर किती लेट आहे?”

“कोण बाई बोलून राहिल्या?” पारडी म्हणाला. “निमगव्हाणातून? वैनी का?”

“बाई न्हाई.”

“जरा जोरात बोला, वैनी!”

“अरे वैनी न्हाई म्हणतो ना!” मी ओरडलो. स्वतःच्या आवाजात. स्वतःच्या पूर्ण आवाजात!

“आरं, खडकवाडी!” पारडी इतक्या आनंदानं किंचाळला की रिसीव्हरमधला आवाज अख्ख्या खोलीभर झाला. “तू निमगव्हाणात काय करून राहिला? म्हाताऱ्याचे हंडे मोजायला गेला का?”

तारेवर अकरा स्टेशनं हसत होती. खोलीत कुणीच हसत नव्हतं. मास्तरांनी माझ्या हातातून फोन घेऊन खाली ठेवला.

“म्हंजे खडकवाडी तुमीच.”

“व्हय,” मी म्हणालो. मग उशीर झाला होता तरी हात जोडले. “जयभीम.”

मास्तरांनी आधी खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि घराकडे ओरडले, “आगं, मुका न्हाई! बोलतोय!” मग माझ्याकडे वळले. “ते हंड्याचं बोलणारे, वाळवंटाचं बोलणारे... ते तुमीच?”

“मीच, मास्तर. चूक झाली. रागाच्या भरात बोललो. तुमी वडीलधारे, तुमच्या पाया पडून माफी मागतो.”

“माझी काहून मागता?” ते म्हणाले. “मी तसली पुस्तकं वाचत न्हाई, बाबा. दोन पानांत झोप लागते मला. सुमन वाचते. ती कागदावर लिहून देते, अन् मी फोनवर वाचून दाखवतो. तिला हापिसात येऊन फोनवर बोलता येत न्हाई ना! ते पापडाचं तिचं, मांजरीचं तिचं, अन् पाण्याचंबी तिचंच. तुमी जे बोललात ते तिला बोललात.” थोडं थांबून ते म्हणाले, “अन् मी घरी जाऊन शब्दनशब्द सांगितलंय.”

ज्या मुलीसाठी दोन दिवस जेवलो नव्हतो, त्याच मुलीला मी बारा स्टेशनांसमोर वाळवंट म्हणालो होतो!

परत घरात आलो तेव्हा सुमन पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. मास्तरांनी तिला सांगायची गरजच नव्हती. ‘खडकवाडी म्हणजे आमचाच भाचा!’ हे मामाचं हापिसातलं ओरडणं क्वार्टरात आधीच पोचलं होतं. तिनं बशा ठेवल्या आणि माझ्यासमोर बसली. फोटोतलं ते दाबलेलं हसू कुठेच नव्हतं.

“असल्या घरची पोरगी कुणी करू नये म्हणलात,” ती शांतपणे म्हणाली. “मग तुमी काहून आलात?”

“कुणाला म्हणलास रे असं?” आई दचकली.

खोटं बोलायला आता माझ्याजवळ काही उरलंच नव्हतं. “आधी फोटो पाहिला,” मी म्हणालो. “घर कोणतं ते मागून कळलं. तेव्हापासून पोटात अन्न न्हाई. नकार येणार हे ठाऊक होतं, तरी न येता राहवलं न्हाई. बोललो ते चुकलंच. लई चुकलं.”

तिनं पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली.

“ते असू द्या,” ती म्हणाली. “पाणी किती लागलं असतं?”

“पाण्याची फिकीर करू नका!” मामा मध्ये पडला. त्याला वाटलं, पोरगी सासरच्या पाण्याची चौकशी करतेय. “आपल्या कुरुंद्याच्या घरामागं आड हाय! दुष्काळात बी आटला न्हाई!”

“मामा, ते यानातलं पाणी,” मी म्हणालो.

“कुणाच्या रानातलं?”

मी मामाला खुणेनं गप्प केलं आणि बोटं मोजायला लागलो. “चौदा महिने म्हणजे चारशे वीस दिवस. माणशी रोज एक हंडा. आंघोळ धरायची का?”

“धरा.”

“मग आठशे चाळीस हंडे.”

“अन् यान केवढं होतं?”

“दोन खोल्यांचं,” मी कबूल केलं.

“आठशे चाळीस हंडे ठेवल्यावर राणी कुठं बसली?”

मी बराच विचार केला. खरोखरच जागा उरत नव्हती.

“बसंल की कुठंबी!” मामा म्हणाला. “मोठ्या मनाची माणसं अडचणीत बी राहतात!”

सुमन उठून आत गेली. आतून हसण्याचा आवाज आला की भांड्यांचा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मास्तरांनी निरोप देताना एवढंच सांगितलं, “आमी इचार करतो अन् परवा लाइनीवर कळवतो.”

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बरं, एकट्यानं काळजी करायचीही सोय नव्हती, कारण सगळ्या तारेला बातमी लागलेली! दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी विचारी, “खडकवाडी, कळलं का काही?” पारडी तर रडकुंडीला आला होता. “माझ्यामुळं झालं रे सगळं. नवीन कादंबरी आली हाय, पाठवू का?” मी म्हटलं, आता जन्मात कादंबरीचं नाव काढू नको. तिसऱ्या दिवशी सकाळी गाड्या सोडायचे हुकूम देणारे कंट्रोलचे साहेब, जे एरवी गाडीच्या नंबराशिवाय एक अक्षर बोलत नसत, ते म्हणाले, “सगळ्यांनी फोन मोकळा ठेवा. निमगव्हाणचा निरोप यायचा आहे.”

अकराच्या सुमाराला घंटी वाजली. मी झडप घातली.

“हॅलो! खडकवाडी!”

पलीकडे काहीच नाही. कुठेतरी लांबवर मुंगी चालल्यासारखी कुरकुर, बस्स! एक मिनिट गेलं. कुणीही बोलेना. मला सगळं कळून चुकलं. नकार तोंडानं सांगायला माणूस कचरतोच. म्हटलं, निदान जाताना तरी माणसासारखं वागावं. समोरून ऐकू येत नाही, म्हणजे तिकडेही येत नसेल, म्हणून मी बेंबीच्या देठापासून ओरडलो :

“समजलं, मास्तर! तुमचं बराबर हाय! माझ्या नशिबात नव्हतं! सुमनताईंना माझ्यापेक्षा चांगलं स्थळ मिळो! त्यांना म्हणावं, भाऊ समजून माफ करा!”

आणि फोन ठेवून मी कडुनिंबाखाली जाऊन बसलो.

तासाभरानं निमगव्हाणकडून पॅसेंजर आली. शेवटच्या ब्रेकच्या डब्यातून अर्धा बाहेर लोंबकळत गार्ड ओरडत होता, “पेढे काढ, खडकवाडी! पेढे!”

“कसले पेढे? नकार आला.”

“आरं, सुमनबाई स्वतः हापिसात येऊन फोनवर बोलल्या! पसंत हाय म्हणाल्या, सगळ्या लाइनीनं ऐकलं! अन् तू लेका त्यांना ताई म्हणलास! तिकडं मास्तर डोक्याला हात लावून बसलेत. आधी फोन कर अन् भाऊ नसल्याचं सांग!”

“पण मला काहीच ऐकू आलं नाही!”

गार्ड माझ्याबरोबर आत आला. “कसा धरला होता फोन? दाखव.”

मी दाखवला. गार्डानं तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला, वरची बाजू खाली केली आणि परत माझ्या कानाला लावला. होकार येण्याच्या त्या घडीला मी रिसीव्हर उलटा धरून उभा होतो! आणि हा असा माणूस फोनवर ‘लाइन मोकळी आहे’ म्हणायचा, त्या भरवशावर रोज शेकडो लोक डोळे मिटून प्रवास करत होते.